तीस मिलिमीटरचं दार

समजा मे महिन्याची सुट्टी मामाच्या गावाला घालवून तुम्ही घरी परत आलात. रात्रभर एस.टी.त बसून अंग अगदी आंबून गेलंय. कधी एकदा घरात शिरतो असं झालंय. आणि दाराशी येऊन बघता तो काय, आत दुसरंच कुणी राहतंय! त्यांनी आपलं सामानसुद्धा लावून टाकलंय आणि ते तुम्हाला आत पाऊल टाकू देत नाहीत. काय कराल तुम्ही?

आरडाओरडा कराल, शेजाऱ्यांना हाका माराल, बाबा पोलिसांत जातील. पण ज्याला यातलं काहीच करता येत नाही, अशा एका प्रवाशाची ही हकिकत आहे. तो येतो एस.टी.नं नव्हे, तर स्वतःच्या पंखांनी. आणि येतो तोही थेट दक्षिण अमेरिकेतून!

या प्रवाशाचं नाव पर्पल मार्टिन. संध्याकाळी विजेच्या तारांवर रांगेनं बसणाऱ्या आपल्याकडच्या भिंगऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचाच हा अमेरिकेतला भाऊबंद. उत्तर अमेरिकेत भिंगरीच्या कुळातले जे पक्षी आहेत, त्यांत हा सगळ्यात मोठा. लांबी साधारण २० सेंटिमीटर, वजन जेमतेम ५०-५५ ग्रॅम. नर काळसर निळा. पण ऊन पडलं की त्याच्या पिसांवर जांभळी चमक येते. मादी जरा फिकी, पोटाकडे करडी.

तेरा दिवसांत घरी

पर्पल मार्टिन हिवाळा काढतात ब्राझीलच्या बाजूला, अमेझॉनच्या जंगलांच्या प्रदेशात. उत्तरेत उन्हाळा जवळ आला की पिल्लं वाढवण्यासाठी ते अमेरिका आणि कॅनडात परत येतात. हा प्रवास ते किती दिवसांत करतात, हे बरीच वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढ्याशा पक्ष्याच्या मागे जाणार तरी कोण?

मग २००७ साली कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या ब्रिजेट स्टचबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. पेन्सिल्व्हेनियातल्या काही मार्टिनच्या पाठीवर त्यांनी चिमुकली यंत्रं बांधली. आपण दप्तर घालतो ना, तशी! ही यंत्रं फक्त उजेडाची नोंद ठेवायची. सूर्य किती वाजता उगवला आणि किती वाजता मावळला हे कळलं, की पक्षी त्या दिवशी पृथ्वीवर साधारण कुठे होता याचं गणित मांडता येतं. पुढच्या वर्षी ते पक्षी परत आले, तेव्हा शास्त्रज्ञांनी यंत्रं काढून घेतली आणि नोंदी वाचल्या.

एका मादीनं सगळ्यांना चकित केलं. अमेझॉनपासून पेन्सिल्व्हेनियापर्यंतचं सुमारे ७,५०० किलोमीटर अंतर तिनं अवघ्या १३ दिवसांत कापलं होतं. म्हणजे दिवसाला साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. मुंबईहून निघून रोज गोव्यापर्यंत मजल मारायची, अशी तेरा दिवस!

यात आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? यंत्रं परत मिळाली, कारण पक्षी आदल्या वर्षीच्याच ठिकाणी परत आले. मार्टिनना आपलं घर असं पक्कं आठवतं. आता विचार करा. इतका लांबचा पल्ला मारून ती मादी दाराशी पोहोचली आणि आत भलताच कुणी बसलेला असला तर?

भोपळ्यातलं बिऱ्हाड

मार्टिन मुळात झाडांच्या ढोलीत राहणारा पक्षी. पण त्याची चोच ढोली कोरण्याइतकी दणकट नसते. सुताराने कोरून सोडून दिलेली ढोली, नाहीतर जुन्या झाडाला आपोआप पडलेलं भोक, यावर त्याचं भागायचं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी त्याची ही अडचण ओळखली. चॉक्टॉ आणि चिकसॉ जमातींचे लोक पोकळ भोपळे झाडांच्या फांद्यांवर आणि खांबांवर टांगून ठेवत. आपल्याकडे ज्या भोपळ्याचा तंबोरा करतात ना, त्याच जातीचा हा वाळवलेला भोपळा. मार्टिन आनंदानं त्यात राहायला येत. घार-ससाणा वस्तीजवळ आला, की ते कलकलाट करून त्याला हुसकून लावत.

नंतर युरोपातून गोरे लोक आले. त्यांनीही ही पद्धत उचलली. कुणी भोपळे टांगले, कुणी लाकडाची मजलेवार घरं केली. इकडे जंगलं तुटत गेली, पोखरलेली जुनी झाडं कमी होत गेली. होता होता अशी वेळ आली, की रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे जवळजवळ सगळे पर्पल मार्टिन माणसांनी दिलेल्या घरांतच राहू लागले. आजही तसंच आहे. पश्चिमेकडचे काही मार्टिन अजून सुताराच्या ढोलीत किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटात उंच निवडुंगाच्या पोकळीत राहतात. पूर्वेकडच्यांना मात्र माणसाच्या अंगणाशिवाय आसरा उरलेला नाही.

अशी घरं ठेवणाऱ्यांना तिकडे ‘घरमालक’ म्हणतात. भाडं मिळत नाही बरं का! ‘मार्टिन रोज दोन हजार डास खातो’ अशी जाहिरात एकेकाळी खूप झाली होती. ती काही खरी नाही. मार्टिन दिवसा, उंच हवेत शिकार करतो आणि चतुर, भुंगेरे, माश्या, फुलपाखरं असे मोठे किडे पकडतो. डास निघतात रात्री आणि उडतात जमिनीलगत. तेव्हा घरमालकाला मिळते ती फक्त पाहुण्यांची सोबत आणि पहाटेची गोड किलबिल. एवढ्यावर लोक खूश असतात.

न्यूयॉर्कमध्ये सोडलेले साठ पक्षी

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या पक्ष्याकडे वळू या. ६ मार्च १८९० रोजी यूजीन शीफेलिन नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातून आणलेले ६० स्टारलिंग सोडले. पुढच्या वर्षी आणखी ४० सोडले. शेक्सपिअरच्या नाटकांत ज्या ज्या पक्ष्यांची नावं येतात, ते सगळे अमेरिकेत आणायचं त्यांच्या मनात होतं, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण २०२१ मध्ये दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा तिला काही आधार सापडला नाही. कारण काहीही असो, पक्षी सुटले ते सुटलेच. साठेक वर्षांत ते अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. आज तिथे कोट्यवधी स्टारलिंग आहेत.

स्टारलिंग दिसायला देखणा असतो. काळ्या, हिरव्या-जांभळ्या झाक असलेल्या पिसांवर पांढरे ठिपके. आपल्या साळुंकीच्याच कुळातला, आणि तिच्यासारखाच नकला करण्यात पटाईत. थोर संगीतकार मोझार्ट यांनी १७८४ साली एक स्टारलिंग विकत घेऊन पाळला होता. तो त्यांच्या संगीतातली ओळ शिटीवर वाजवून दाखवायचा!

पण स्टारलिंगलाही घरट्यासाठी ढोलीच लागते. पुष्कळसे स्टारलिंग बारा महिने तिथेच मुक्काम ठोकून असतात. त्यामुळे मार्टिन प्रवासात असतानाच ते जागा धरून बसतात. भांडणाची वेळ आली तरी मार्टिनचा टिकाव लागत नाही. स्टारलिंगचं वजन ७५-८० ग्रॅम, म्हणजे मार्टिनच्या दीडपट. पाय भक्कम, चोच अणकुचीदार. मोकळ्या आकाशात मार्टिन त्याला हुलकावणी देईल, पण वीतभर खोलीत तो कोपऱ्यात सापडतो. स्टारलिंग अंडी फोडतो, पिल्लं बाहेर फेकतो, कधी कधी मोठ्या मार्टिनलाही ठार मारतो. मग त्याच घरट्यावर गवताचा भारा रचून आपला संसार थाटतो.

पायांनी दिलेलं उत्तर

घरमालक बरीच वर्षं हैराण होते. मार्टिनच्या घराला साधारण ५४ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक ठेवायची पद्धत होती. त्यातून मार्टिन जायचा, तसा स्टारलिंगही आरामात जायचा. भोक लहान करावं, तर मार्टिनचीच अडचण. दोघं लांबीला जवळपास सारखे. मग एकाला घेईल आणि दुसऱ्याला अडवील, असं दार बनवायचं कसं?

उत्तर सापडलं दोघांच्या राहणीत. स्टारलिंग जमिनीवर चालणारा पक्षी. हिरवळीवर टाकोटाक पावलं टाकत तो किडे शोधतो. म्हणून त्याचे पाय लांब आणि छाती भरदार. मार्टिनचं सगळं आयुष्य हवेत. खाणं हवेत, पाणी पिणंसुद्धा तळ्यावरून उडता उडता! त्याला चालायचं काम फारसं नाही, म्हणून पाय अगदी आखूड. म्हणजे मार्टिन पोट जमिनीला टेकवून सरपटत बुटक्या फटीतून आत जाऊ शकतो. स्टारलिंगला ते जमत नाही.

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात राहणारे चार्ल्स मॅकएवेन हे असेच एक मार्टिनवेडे घरमालक. त्यांनी वेगवेगळ्या मापांची भोकं करून पाहिली आणि शेवटी गोल भोकाऐवजी अर्धचंद्राकृती दार तयार केलं. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक आठवा. सपाट बाजू खाली, गोल बाजू वर. तसंच हे दार, पण त्याहून बुटकं. रुंदी सुमारे ७६ मिलिमीटर आणि उंची फक्त ३०.

सगळी गंमत त्या तिसात आहे. दोन-तीन मिलिमीटरनं उंची वाढली की स्टारलिंग आत. दोन-तीन मिलिमीटरनं कमी झाली की मार्टिन बाहेर. शिवाय दाराची खालची कड ओसरीच्या फळीला जवळजवळ टेकलेली हवी. दार वर राहिलं, तर स्टारलिंगला वरून वाकून अंग आत ढकलायला वाव मिळतो. उंबरठाच नसला, की तो पाय दुमडून बसतो, मान आत घालतो, पण छाती अडकते. थोडा वेळ खटपट करून शेवटी निघून जातो.

पहिल्यांदा हे दार पाहून मार्टिनही गोंधळतात. आत कसं शिरायचं ते त्यांना उमगत नाही. म्हणून अनुभवी घरमालक सगळी दारं एकदम बदलत नाहीत. थोडी गोल ठेवतात, थोडी नवी बसवतात. एखाद्या मार्टिनला युक्ती साधली, की बाकीचे बघून बघून शिकतात.

दार लावलं, काम संपलं?

मुळीच नाही! एखादा अंगानं लहान स्टारलिंग या दारातूनही घुसतो. आणि चिमणी तर स्टारलिंगपेक्षा किती लहान! तिला हे दार म्हणजे राजवाड्याचा दरवाजा. अमेरिकेत चिमण्याही बाहेरूनच आल्या. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये त्या मुद्दाम आणून सोडल्या गेल्या. त्याही मार्टिनची अंडी फोडतात. म्हणून चांगल्या घरमालकाला सारखं लक्ष ठेवावं लागतं.

त्याची सुरुवात मार्टिन येण्याच्या आधीपासून होते. हिवाळ्यात घर धुऊन-पुसून त्याची सगळी दारं बंद करून ठेवायची. पहिले मार्टिन आकाशात दिसले की मगच उघडायची. फ्लोरिडात ते जानेवारीतच येतात. उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिल उजाडतो.

घर असतं १२ ते १५ फूट उंच खांबावर, मोकळ्या जागेत, झाडांपासून निदान ४० फूट लांब. साप आणि रकून वर चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचं नळकांडं बसवतात. खांबाला कप्पी आणि दोरी असते. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडा वर चढवतात ना, तसं हे घर वर चढवता येतं आणि खालीही घेता येतं. दर आठवड्याला घर हळूच खाली आणायचं, एकेक खोली उघडायची आणि वहीत नोंद करायची: खोली नंबर १, अंडी चार. खोली नंबर २, पिल्लं पाच. घरटं कुणाचं, हे अंड्यांवरून ओळखता येतं. पांढरीशुभ्र अंडी मार्टिनची, फिकट निळी स्टारलिंगची, ठिपकेवाली चिमणीची. मार्टिनची अंडी १५-१६ दिवसांत फुटतात आणि पिल्लं साधारण चार आठवड्यांनी उडतात.

‘माणसानं हात लावला की पक्षी पिल्लांना टाकून देतात’ असं तुम्ही ऐकलं असेल. मार्टिनच्या बाबतीत ते खरं नाही. घर पुन्हा वर चढवलं, की पाचएक मिनिटांत आईबाप चोचीत किडे घेऊन हजर! पेन्सिल्व्हेनियात १९८७ साली मार्टिनच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. अशी देखभाल कशी करायची, हे ती लोकांना शिकवते. कारण एखादे घरमालक आजोबा थकले आणि घर तसंच उघडं पडून राहिलं, तर दोन-तीन वर्षांत तिथे मार्टिनऐवजी स्टारलिंग नांदू लागतात. रिकामं घर ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं, असं अनुभवी घरमालक म्हणतात ते याचसाठी.

मग स्टारलिंग दुष्ट का?

अमेरिकेत १९१८ सालच्या कायद्यानं मार्टिनला संरक्षण आहे. त्याची अंडी-पिल्लं नष्ट करणं हा गुन्हा आहे. स्टारलिंग आणि चिमणी बाहेरून आणलेले पक्षी, म्हणून त्यांना हा कायदा लागू नाही. घरमालक त्यांची घरटी काढून टाकतात. काही जण तर पिंजरा लावून पक्षी पकडतात आणि मारूनही टाकतात.

वाचून वाईट वाटलं ना? तिथल्या घरमालकांतही यावर वाद होतात. एक जण म्हणतो, ‘मार्टिनला मी बोलावलं, तेव्हा त्याला वाचवणं माझं काम. नाहीतर मी त्याच्यासाठी सापळाच मांडला असं होईल.’ दुसरा म्हणतो, ‘स्टारलिंगलाही पिल्लं आहेत. तो आपणहून इथे आला नाही, माणसानंच त्याला आणलं.’ दोघांचंही म्हणणं खोटं नाही. आणखी ऐका. त्याच स्टारलिंगची संख्या ब्रिटनमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ घरी, इतकी घटली आहे की २००२ सालापासून तो तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे!

म्हणून तर त्या ३० मिलिमीटरच्या दाराचं मोल मोठं. स्टारलिंग आत शिरून त्यानं अंडी घातल्यावर काहीही केलं तरी कुणाचं तरी घर मोडतं. तो शिरायच्या आधीच दार बंद असलं, बरोबर मापाचं असलं, रचायला घेतलेलं गवत वेळीच काढलं, तर कुणाच्याच अंड्यांना हात लावावा लागत नाही.

आणि आपल्याकडे?

अशीच चूक आपल्या लाडक्या साळुंकीच्या बाबतीत झालेली आहे. १८६२ च्या सुमारास भाजीच्या मळ्यांतले किडे खाण्यासाठी तिला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेलं गेलं. किडे किती खाल्ले कोण जाणे, पण तिथल्या पोपटांच्या ढोल्या मात्र तिनं बळकावल्या! तेव्हा पाळलेला परदेशी पक्षी, मासा किंवा कासव कंटाळा आला म्हणून बाहेर सोडून देऊ नका. शीफेलिनसाहेबांनीही दोन वर्षांत मिळून फक्त शंभरच पक्षी सोडले होते.

आणि ज्या चिमणीला अमेरिकेतले घरमालक हाकलतात, तीच चिमणी आपल्याकडच्या शहरांतून कमी होत चालली म्हणून आपण हळहळतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. पुष्कळ मुलं खिडकीबाहेर चिमणीसाठी लाकडी खोकी टांगतात. तुम्हीही टांगणार असाल, तर मार्टिनच्या दाराची आठवण ठेवा. खोक्याचं भोक ३२ मिलिमीटर व्यासाचं ठेवा. चिमणी त्यातून सहज जाते, साळुंकी जाऊ शकत नाही. खोका सावलीत आणि मांजराचा पंजा पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावा. पिल्लं उडून गेली, की तो काढून स्वच्छ करा.

हे करून बघा

एक जाड पुठ्ठा घ्या. कंपासमध्ये २७ मिलिमीटरचं अंतर घेऊन एक वर्तुळ काढा आणि कापा. ते मार्टिनच्या घराचं जुनं दार. शेजारी ७६ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर उंच असा अर्धचंद्र कापा. ते नवं दार. त्याच्याजवळ १६ मिलिमीटरचं अंतर घेऊन आणखी एक वर्तुळ कापा. हे आपल्या चिमणीचं दार. तिन्ही भोकांत हात घालून पाहा. कुठून किती आत जातो? मग घरातल्या कुणाला तरी हे तिसरं भोक लाकडाच्या फळीला पाडून द्यायला सांगा. पुठ्ठ्याचं खोकं पहिल्या पावसात विरघळेल, फळीचं बरीच वर्षं टिकेल.